बंधने घालणारा आणि बंधने सोसणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे)

सयाजीबागेच्या तोंडाशी काळा घोडा उभा आहे. आपण बडोदेकर रोज त्याच्या बाजूने जातो. त्यावर बसलेले महाराज कोण, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. दरवर्षी मार्चमध्ये जयंती आली की आपण हार घालतो, भाषणे होतात, शाळा, वाचनालये, राजवाडा, बँक, संगीत यांची यादी वाचली जाते. ती यादी खरीच आहे. पण गेली काही वर्षे, निवृत्तीनंतर हाती वेळ आल्यामुळे, महाराजांचे चरित्र पुन्हा वाचताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. लोकांनी मुलांची लग्ने कधी करावीत, मुलीला शाळेत घालावे की नाही, भटजींनी लग्न कसे लावावे, अशा अगदी घरातल्या गोष्टींत या राजाने कायद्याने हात घातला. सरकारने माणसाच्या जगण्यात इतके शिरावे का? आज असे कोणी केले तर आपण काय म्हणू? या प्रश्नाच्या अंगाने महाराजांचे आयुष्य वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या गावचा. नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, शेती करून राहणारे. तिकडे बडोद्यात मल्हारराव गायकवाड गादीवर होते. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न झाला, मल्हाररावांवर आरोप आला, चौकशी आयोग बसला. आयोगाच्या सभासदांत एकमत झाले नाही, तरी इंग्रज सरकारने एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणाने त्यांना पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून तीन मुले बडोद्याला आणली गेली. तुम्ही कशासाठी आलात, असे विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलो असे सांगितले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

तेव्हा या मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली सहा वर्षांत त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या भाषा, गणित, इतिहास असा सगळा अभ्यास केला. दिवाण सर टी. माधवराव त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने देत. अभ्यास सक्तीचा होता. उठायचे कधी, घोड्यावर बसायचे कधी, वाचायचे काय, सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा पहिला विद्यार्थी ते स्वतःच होते. सक्तीने शिकवले म्हणून आपण माणसांत आलो, हा अनुभव त्यांच्या मनात खोल गेला असावा, असे मला वाटते. २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी, त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

पहिले लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी १८८० मध्ये झाले. १८८५ मध्ये त्या क्षयाने गेल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी महाराजांचा दुसरा विवाह झाला. याच दुसऱ्या चिमणाबाई. १८८७ मध्ये महाराज प्रथम युरोपला गेले. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारे लोक तेव्हा राजवाड्यातही होते आणि गावातही. रूढीने घातलेले बंधन महाराजांनी तिथे स्वतः मोडले. पुढे ते बऱ्याच वेळा परदेशी गेले. तिथल्या शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहून यायचे आणि आपल्या राज्यात काय करता येईल ते पाहायचे, असा त्यांचा क्रम होता.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेरा वर्षे प्रयोग पाहून १९०६ मध्ये कायदा सगळ्या राज्याला लागू केला. मुलगा सात ते बारा वर्षांचा आणि मुलगी सात ते दहा वर्षांची असेल तर शाळेत पाठवलेच पाहिजे. नाही पाठवले तर पालकाला दंड. शेजारच्या ब्रिटिश मुलखात असा कायदा नव्हता. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये तिथे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही मंजूर झाले नाही.

आज आपण याला पुरोगामी म्हणून टाळ्या वाजवतो. तेव्हाच्या शेतकऱ्याच्या बाजूने जरा विचार करा. आठ वर्षांचा पोरगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, तेव्हा आई शेतावर जाऊ शकते. सरकारचा माणूस येतो, हजेरीपट दाखवतो आणि दंड भरायला सांगतो. त्या घराला हा जुलूमच वाटला असणार. माझे मूल, माझे घर, सरकारचा काय संबंध, हा प्रश्न त्यांच्याही तोंडी आला असेल.

लग्नाच्या कायद्याने तर याहून मोठी खळबळ झाली. १९०४ मध्ये बडोदे राज्यात बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. त्याआधी १९०२ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. बालविवाहाच्या कायद्याचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवला गेला आणि त्याला जोरदार विरोध झाला. शेवटी मुलीचे वय किमान बारा आणि मुलाचे सोळा असे ठरले. आज हे आकडे वाचून आपल्याला कसेसेच होते, पण त्या काळी एवढेही फार होते. उत्तरेकडच्या कडी प्रांतात कडवा पाटीदार समाजात साधारण दहा-अकरा वर्षांनी एकदा उंझ्याहून मुहूर्त निघे आणि त्या मुहूर्तावर घरातल्या सगळ्या मुलांची, अगदी तान्ह्यांचीसुद्धा, लग्ने उरकत. अशा समाजाला सांगायचे की बारा वर्षे थांबा, म्हणजे साऱ्या जातीची रीतच बदला असे सांगणे होते.

कायदा मोडणाऱ्याला दंड होई, पण झालेले लग्न रद्द होत नसे. त्यामुळे बऱ्याच लोकांनी दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरली. मंडप, जेवणावळ, वाजंत्री आणि दंड. आम्ही बँकवाले याला नफ्यातोट्याचा साधा हिशेब म्हणू. काही जण राज्याची हद्द ओलांडून लग्न लावून येत, काही जण वय वाढवून सांगत. शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात आला तो १९२९ मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर पंचवीस वर्षांनी, आणि त्याचीही पळवाटांमुळे अशीच गत झाली.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी आजी बडोद्यातच जन्मली आणि इथेच वाढली. तिच्या वडिलांना मुलीला शाळेत घालायचे नव्हते. दंडाच्या भीतीने घातले. आजी तीन वर्षे शाळेत गेली, दहावे लागताच वडिलांनी नाव काढले. पुढे दीड वर्षाने तिचे लग्न झाले. तेव्हा तिला बारा पूर्ण झाली नव्हती, पण सांगताना तेरा सांगितले. म्हणजे आमच्या पणजोबांनी महाराजांचा एक कायदा पाळला आणि दुसरा चुकवला. आजी हे हसत सांगायची, पण लग्नाचा भाग आला की लवकर आटपायची. त्या तीन वर्षांच्या शाळेवर तिने जन्मभर वाचन केले. बँकेत असताना मी तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचे अंगठे उठवून घेतले आहेत. आजी मात्र पेन्शनच्या कागदावर सही करायची, अक्षर अगदी टपोरे. त्या दंडाबद्दल पणजोबा काय म्हणाले असतील ते असोत, आजीला विचारले असते तर तिने महाराजांचीच बाजू घेतली असती.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. १९१५ मध्ये पुरोहितांचा कायदा आला. धर्मकृत्ये चालवणाऱ्या भटजीने परीक्षा द्यावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला कळेल अशा भाषेत सांगावा, अशी त्यात अपेक्षा होती. १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात हिंदू विवाह कायदा येईपर्यंत पुढे चोवीस वर्षे जायची होती. १९३३ मध्ये जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध कायदा आला. जातीने बहिष्कार टाकून माणसाला जेरीस आणू नये, असा त्याचा हेतू. त्याच वर्षी अल्पवयीन मुलांना संन्यासदीक्षा देण्यावर बंदी आली, तेव्हा हा धर्मस्वातंत्र्यावरचा घाला आहे असे म्हणत सनातनी मंडळींनी मोठा विरोध केला. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. धर्मात काय करावे हे राजाने का सांगावे? पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला संसार सोडण्याचा निर्णय कळतो का, हा दुसरा प्रश्न होता. महाराजांनी या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने कौल दिला.

या सगळ्यात एक उणीव होती, ती झाकून चालणार नाही. १९०८ मध्ये बडोद्यात धारासभा स्थापन झाली, पण तिचे अधिकार सल्ला देण्यापुरतेच होते. शेवटचा शब्द महाराजांचा. लोकांच्या जगण्याला वळण लावणारे कायदे लोकांनी निवडलेल्या माणसांनी केले नव्हते, एका चांगल्या राजाने केले होते. राजा चांगला निघाला हे आपले नशीब. नशिबावर राज्य चालवणे ही काही पद्धत नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रजेला बंधने घालणाऱ्या या राजावरही वरून बंधने होती. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून आले आणि संस्थानिकांनी आपल्या प्रजेत राहून काम करावे, युरोपात हिंडू नये, असे त्यांचे मत पडले. नोव्हेंबर १८९९ मध्ये ग्वाल्हेरच्या मेजवानीत त्यांनी संस्थानिकांच्या कर्तव्यावर भाषणही केले. १९०० मध्ये परिपत्रक निघाले, की परदेशी जायचे असेल तर संस्थानिकाने आधी सरकारची परवानगी घ्यावी. सयाजीराव तेव्हा युरोपातच होते, महाराणींची प्रकृती बरी नव्हती. हे परिपत्रक त्यांना फार लागले. आपण नोकर नाही, राज्यकर्ते आहोत, आणि कुठे जावे हे ठरवण्याचा हक्क साध्या माणसाला असतो तो आपल्यालाही असावा, अशी त्यांची भूमिका होती.

गंमत अशी, की कर्झन जे सांगत होते ते महाराजांच्या कायद्यांच्या भाषेपेक्षा फार वेगळे नव्हते. तुमच्या आणि तुमच्या प्रजेच्या भल्यासाठीच हे बंधन आहे. पणजोबांना महाराजांचा कायदा जसा वाटला, तसेच कर्झनचे परिपत्रक महाराजांना वाटले. आणि महाराजांच्या परदेशवाऱ्यांवर खर्च होतो, राजा राज्यात कमी राहतो, अशी कुरकुर बडोद्यातही होतीच.

इंग्रजांशी त्यांचे संबंध पुढे आणखी ताणले गेले. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत होते. केशवराव देशपांडे यांच्या गंगनाथ विद्यालयावर इंग्रजांची वक्रदृष्टी पडली आणि दडपणामुळे ते बंद करावे लागले. डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहांचा दरबार भरला. महाराज अंगावर फारसे दागिने न घालता पुढे गेले, थोडक्यात मुजरा केला आणि पाठ फिरवून परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी हा राजद्रोह ठरवून गहजब केला. महाराजांना व्हाइसरॉयला दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. अपमान करण्याचा हेतू होता की नव्हता यावर अजून वाद आहेत. पण मान किती वाकवावी आणि पावले किती मागे घ्यावीत हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचे, अशी एका स्वाभिमानी माणसाची स्थिती होती, एवढे त्यातून नक्की दिसते.

त्याच दरबाराच्या दिवसांत घरात वेगळेच वादळ तयार होत होते. राजकन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरला होता. त्यांना आधीची पत्नी होती. इंदिराराजेंचे मन कुचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र यांच्याकडे गेले होते. त्यांनी आईवडिलांना न विचारता शिंदे महाराजांना पत्र लिहून लग्न मोडले. मुलगी शिकलेली, जग पाहिलेली. तिला तसे वाढवले होते महाराजांनीच. आई चिमणाबाई म्हणजे स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या आणि पुढे १९२७ मध्ये पुण्याच्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झालेल्या विदुषी. तरीही दोघांनी मुलीच्या निवडीला दीड वर्ष विरोध केला. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न झाले, तेव्हा आईवडील हजर नव्हते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या त्याच जोडप्याच्या कन्या.

हा प्रसंग काही चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. हजारो घरांत शिरून मुलींच्या बाजूने कायदा करणारा माणूस स्वतःच्या घरात बाप म्हणून अडखळला. यात महाराज लहान होत नाहीत. स्वातंत्र्याची गोष्ट दुसऱ्याच्या घरात सोपी असते आणि आपल्या घरात अवघड, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि तो काळ्या घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा आहे. भीमराव आंबेडकर यांना महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवले, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी असा करार केला. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात आले. राजाची नेमणूक हातात, अमेरिकेतले शिक्षण पाठीशी, पण शहरात राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत. काही दिवसांत काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेवर आले आणि त्यांना बाहेर काढले. दरबाराकडूनही वेळेवर सोय झाली नाही. ते सयाजीबागेत झाडाखाली बसून रडले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्यांना घर नाकारणारा कोणताही सरकारी कायदा बडोद्यात नव्हता. सरकार तर त्यांच्या बाजूचे होते. त्यांची कोंडी केली ती घरमालकांनी, शेजाऱ्यांनी, कचेरीतल्या शिपायांनी, ज्यांनी आपापल्या घराबाबत आपापले स्वातंत्र्य वापरले होते. सरकारने लोकांच्या जगण्यात पडू नये असे आपण म्हणतो, तेव्हा जातीने आणि रूढीने आधीच घातलेली बंधने आपण मोजतच नाही. महाराजांनी ती मोजली. म्हणूनच ते कायद्यांकडे वळले. आणि कायद्याचा हात कुठपर्यंत पोचतो आणि कुठे कमी पडतो, तेही त्या झाडाखाली दिसून आले.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत गेले. मुलांपैकी तिघे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. थोरले फत्तेसिंहराव तर १९०८ मध्येच, ज्या वर्षी आपली बँक ऑफ बडोदा उभी राहिली त्याच वर्षी. गादी नातू प्रतापसिंहरावांकडे गेली. दहा वर्षांत संस्थानच विलीन झाले आणि महाराजांचे कायदे इतिहासात जमा झाले.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देतो. सरकारने बंधन घातले की लगेच वाईट म्हणू नये आणि भल्यासाठी आहे म्हटले की लगेच मान डोलवू नये. हे बंधन कोणाचा हात अडवते आणि कोणाचा मोकळा करते, एवढे विचारावे. कर्झनच्या परिपत्रकाने कोणाचाच हात मोकळा झाला नाही, फक्त वरच्याची पकड घट्ट झाली. शाळेच्या सक्तीने पणजोबांचा हात अडवला आणि त्यांच्या मुलीच्या हातात लेखणी दिली. ते बंधन कोणाच्या संमतीने आले, हेही विचारावे. तो भाग महाराजांच्या काळात अपुरा राहिला होता. आता मतदार म्हणून तो आपल्याकडे आहे.

पुढच्या वेळी सयाजीबागेत फिरायला जाल तेव्हा काळ्या घोड्याला नमस्कार करून तसेच आत संकल्पभूमीपर्यंत जाऊन या. जमले तर नातवंडांना बरोबर न्या.